तेवीस ऑगस्ट, मशीन बंद

लिंबायत, सुरत
१७ नोव्हेंबर २०२४

गायत्री,

माझ्या हातच्या वस्तूंची यादी आधी. तुझ्या शोभामावशीने मला कामरेजला तिच्या दारात उभं ठेवून ‘नुसता वह्या भरणारा माणूस’ म्हटलं आणि तू आतून ऐकत होतीस, म्हणून.

सुताची ताकद मोजायचं मशीन, एक. मोटर बंद पडलेल्या लूमची, उधन्याच्या भंगारातून. स्प्रिंग जुन्या काट्याची. सूत धरणारे जबडे मी लेथवर स्वतः उभा राहून कापले. पहिले दोन जोड फेकून दिले, कारण सूत जबड्यात तुटत होतं आणि ते मधोमध तुटायला हवं.

दमट हवेचं कपाट, एक. आतली हवा पासष्ट टक्क्यांवर राहते, विजेशिवाय, नुसत्या क्षाराच्या पाण्यावर.

सूत गुंडाळायचे रहाट, दोन.

विद्यापीठातल्या आमच्या विभागातले मायक्रोस्कोप, नऊ. हे मी केलेले नाहीत, जिवंत केलेले आहेत. फरक लक्षात घे.

तुझ्या आईच्या शिलाई मशीनचं पायडल.

तुझं अभ्यासाचं टेबल. मागचा डावा पाय पाव इंच आखूड, कारण त्या कोपऱ्यात आपली फरशी वर आलेली आहे. टेबल अजून तिथेच आहे. हलत नाही.

लॉगबुकं, अकरा. रेघा मारून, शिवून, पुठ्ठा लावून. मशीन किती वाजता सुरू झालं, किती वाजता बंद झालं, कोणी वापरलं, हवा कशी होती. तेवीस वर्षांत एकही खाडाखोड नाही.

मी नववी पास आहे. दहावीला बसलो नाही, म्हणून लोक मला दहावी नापास म्हणतात, ते चूक आहे. विद्यापीठाने सुताची ताकद मोजायच्या अशाच मशीनसाठी सरकारकडे तीनदा पैसे मागितले. पहिल्यांदा मंजुरी आली २८ मार्चला आणि ३१ मार्चला पैसे परत गेले, कारण तीन दिवसांत तीन कोटेशनं जमली नाहीत. दुसऱ्यांदा खरेदी समितीच्या अध्यक्षांची मुदत संपली आणि नवे अध्यक्ष नेमायला चौदा महिने लागले. तिसऱ्यांदा पैसे आले, त्यातून सभागृहाच्या खुर्च्या आल्या. तोवर माझं मशीन चालू होऊन चार वर्षं झाली होती. त्यावर सहा मुलं पीएच.डी. झाली. सातवी तू होणार होतीस.

तुला विद्यापीठाने काढलं, मी नाही. जूनमधल्या त्या आदेशावर कुलसचिवांची सही आहे. ‘प्रबंधातील छत्तीस आकडे बनावट असल्याने नोंदणी रद्द’ हे शब्द त्यांच्या टायपिस्टचे. मावशीला सांगताना तू हे गाळलंस असं दिसतं.

तू आता इच्छापोरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये ठेकेदारामार्फत लागलीस असं कळलं. सूत तू तपासतेस आणि रिपोर्टवर सही दुसऱ्याची असते, असंही कळलं. तिथलं मशीन परदेशी आहे. त्याचे जबडे एकदा बघ. मी सांगतो, सूत जबड्यात तुटत असेल.

वाल्मिक चिंधा महाजन


लिंबायत
१२ जानेवारी २०२५

गायत्री,

उत्तर आलं नाही. पत्र पोचल्याची पावती माझ्याकडे आहे.

तुला राग चौकशी समितीच्या दिवसाचा आहे, तर त्या दिवसाचंच बोलू. ९ एप्रिल, दुपारी साडेतीन, दुसरा मजला. समितीत तिघे. पंखा एक, तो त्यांच्या बाजूला. तुझ्या प्रबंधाच्या बाहेरच्या परीक्षकाने नियमाप्रमाणे लॉगबुक मागवलं होतं. त्याने तारखा जुळवल्या, तेव्हा २३ ऑगस्ट २०२२ या तारखेला तुझे छत्तीस आकडे निघाले आणि माझ्या बुकात पान १४२ वर, त्याच तारखेसमोर, ‘ब्रेक. मशीन बंद.’

ब्रेक म्हणजे काय हे समितीतल्या बाईंना माहीत नव्हतं. त्या कायम नोकरीतल्या. मी त्यांना समजावून सांगितलं. आम्हा हंगामी माणसांना अकरा महिन्यांचा करार मिळतो, मग एक दिवस आम्ही नोकरीत नसतो, मग पुन्हा अकरा महिने. तो एक दिवस मध्ये घातला की सलग नोकरी होत नाही, आणि सलग नोकरी नाही म्हणजे कायम करायला नको. हा दिवस दरवर्षी एक महिना मागे आणि एक तारीख पुढे सरकतो. माझा पहिला ब्रेक १ जून २००२. तेविसावा २३ ऑगस्ट २०२२, मंगळवार. बाई म्हणाल्या, तुमचं गणित पक्कं आहे. मी म्हटलं, पोटाचं आहे.

त्या दिवशी मी कोणीच नसतो. हजेरीपुस्तकावर सही करू शकत नाही, बुकात लिहू शकत नाही. म्हणून मी आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाची ओळ भरून ठेवतो. ब्रेक, मशीन बंद. जागा कोरी राहिली तर कोणीही काहीही भरेल. हे मी तेवीस वर्षं करत आलो, मला कोणी शिकवलेलं नाही.

मग समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, त्या दिवशी मशीन चालू होतं का. तू समोरच्या खुर्चीवर होतीस. तू माझ्याकडे बघत होतीस, मी बुकाकडे. मी म्हणालो, बुकात आहे तेच खरं.

तू म्हणतेस चालू होतं, बुक म्हणतं बंद होतं. दोघांपैकी एकाला मी बांधलंय, शिवलंय. दुसऱ्याला नुसतं वाढवलंय.

आई बरी आहे. तुझ्या भागाचं तूप वेगळं काढून ठेवते.

वाल्मिक चिंधा महाजन


लिंबायत
२० मार्च २०२५

गायत्री,

तुझं पाकीट मिळालं. आत एक कागद, सोबत शब्द नाही. तुझ्या प्रयोगवहीतल्या २३ ऑगस्टच्या पानाची झेरॉक्स. एकोणिसाव्या आकड्यासमोर वेगळ्या पेनाने लिहिलंय, ‘जबड्यातून निसटला, पुन्हा घेतला.’

बरं, मग ऐक.

तुझे नमुने रविवारी सकाळी कपाटात ठेवले होते. अठ्ठेचाळीस तास मंगळवारी सकाळी नऊला पूर्ण होत होते. भाईदास कारखानदाराकडच्या त्या बीमचं, ताण्याच्या रुळावरचं, सूत तेवढंच उरलं होतं, बाकीचं विणून गेलं. मंगळवार चुकला असता तर सगळी मालिका चुकली असती, आणि वर्ष गेलं असतं. सोमवारी मी बुक भरून, पेन खिशाला लावून घरी आलो तेव्हा तू हे सांगितलंस. आधी सांगितलं असतंस तर मी ती ओळ भरलीच नसती. ही तुझी चूक. मी समितीपुढे काढली नाही.

मी तुला स्कूटरवर मागच्या गेटने आत नेलं. सुपडू वॉचमन होता, त्याने साखळी काढली आणि तोंड फिरवून बिडी पेटवली, म्हणजे त्याने कोणाला पाहिलं नाही. मशीन मी चालवलं. नऊ दहाला सुरू, तीन पन्नासला बंद. बाहेर पाऊस होता, खोलीत पंखा लावता येत नव्हता, सूत हलतं म्हणून. तू घामाने भिजली होतीस आणि तरी आकडा वाचताना श्वास धरायचीस. छत्तीस नमुने. पस्तीस पहिल्याच झटक्यात. एकोणिसावा निसटला. तो मी पुन्हा लावला, आणि तुझे हात तेलाचे होते म्हणून तुझ्या वहीत मी लिहिलं.

दुपारी आपण कळण्याची भाकरी खाल्ली. तू थर्मासमधून चहा ओतताना थांबलीस आणि म्हणालीस, “आप्पा, तुम्ही आज इथे नाहीच आहात. मग हा दुसरा कप कोणाचा?”

मी हसलो होतो. मला आठवतं.

संध्याकाळी बुक समोर होतं. मी उघडलं नाही. ‘बंद’ खोडून ‘चालू’ करायचं म्हणजे एकवीस वर्षांतली पहिली खाडाखोड, आणि तीही ज्या दिवशी मी नाही त्या दिवशी. मी दिवा घालवला, कुलूप लावलं.

अक्षर माझं आहे. समितीने हेच पान मला दाखवलं होतं, तोवर तुला बाहेर बाकावर पाठवलं होतं. त्यांनी विचारलं, हे तुमचं अक्षर का. मी सांगितलं, मुलीचं अक्षर बापावर जातं.

त्या बाईंनी ते लिहून घेतलं.


लिंबायत
३ जून २०२५

गायत्री,

बातमी देतो, नंतर दुसरीकडून कळायला नको. गांधीनगरहून हंगामी माणसांना कायम करायची यादी आली. विद्यापीठाने एक्केचाळीस नावं पाठवली होती, अडतीस मंजूर होऊन आली. माझं सतरावं. पद लॅब असिस्टंट. आदेश १९ मेचा. २६ मेला माझा सव्विसावा ब्रेक यायचा होता, तो आला नाही. त्या दिवशी मी नेहमीसारखा कामावर गेलो आणि सही केली. नोंद साधीच केली.

तुला वाटेल, याच्यासाठी. तसं नाही. म्हणजे तारखा तशा पडल्या, एवढंच.

यादीत नाव जायला एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागत होतं. ब्रेकच्या कुठल्याही दिवशी मी आवारात नव्हतो, असं. कारण उघड आहे, ब्रेकला काम केलेलं निघालं तर नोकरी सलग ठरते आणि सरकारला मागचं सगळं द्यावं लागतं. एक्केचाळीस जणांनी सही केली. त्यातले निम्मे ब्रेकच्या दिवशी साहेबांच्या घरची वायरिंग करत होते, ते आवारात धरत नाहीत. मी सही केली ११ मार्च २०२४ला. तुझी समिती ९ एप्रिलला. मध्ये एकोणतीस दिवस. मी समितीपुढे वेगळं बोललो असतो तर दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे राहिले असते. माझे दोन कागद.

सुपडूचंही सांगून टाकतो. तू त्याच्या घरी गेली होतीस आणि तो समितीपुढे यायला तयार झाला होता, मला माहीत आहे. समितीच्या आदल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. काही धमकी वगैरे नाही. एवढंच विचारलं, की सुपडू, मागच्या गेटने ब्रेकच्या माणसाला आत सोडलं असं वॉचमनने स्वतः सांगितलं, तर एजन्सी त्याला किती दिवस ठेवेल. तो म्हणाला, तुम्हीच सांगा. मी सांगितलं. तू त्याच्यावर रागावू नकोस, त्याला तीन मुली आहेत.

मी तुझ्यासाठी एक विचार करून ठेवलाय. तू पुन्हा नाव घाल. पाच वर्षं म्हणजे काही फार नाही, तू चौतिसाची होशील. सूत दुसरं मिळेल. मशीन तयार आहे, स्प्रिंग गेल्याच महिन्यात तपासली. आता मी कायम आहे, ब्रेक नाही, प्रत्येक दिवसाची नोंद होईल. ज्या दिवशी तू छत्तीस नमुने तोडशील त्या दिवशी मी बुकात ‘चालू’ लिहीन.

आईला हे वाचून दाखवलं. ती उठून भांडी घासायला गेली, जी घासलेली होती.


लिंबायत
२४ ऑगस्ट २०२५

गायत्री,

हे शेवटचं, कारण यापुढे सांगायचं काही माझ्याजवळ शिल्लक नाही.

काल शनिवारी सकाळी देसाई साहेब घरी आले. तुझे गाइड, आमच्या विभागाचे प्रमुख. बावीस-तेवीस वर्षांत ते लिंबायतला पहिल्यांदा आले. गाडी गल्लीत शिरली नाही, म्हणून चालत आले, बूट हातात घ्यावे की काय अशा बेताने. आईने खुर्ची पुसून दिली. ते तुझ्या टेबलाजवळ बसले.

त्यांची गोष्ट सरळ आहे. त्यांना प्रोफेसर व्हायचंय आणि त्यासाठी हाताखाली पूर्ण झालेली एक पीएच.डी. कमी पडतेय. ती तुझी. शिवाय पुढच्या महिन्यात विद्यापीठाला दर्जा देणारी समिती येतेय. कुंड्या भाड्याने आल्या आहेत, वाचनालयाच्या दर्शनी भिंतीला रंग झाला, मागच्या तिन्ही तशाच. रद्द केलेला प्रबंध त्या समितीच्या तक्त्यात वाईट दिसतो. तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं, की गायत्री महाजनवर अन्याय झाला.

त्यांनी कागद टाइप करून आणला होता. ‘दि. २३/८/२०२२ रोजी मी स्वतः प्रयोगशाळा उघडली. मशीन माझ्या देखरेखीखाली चालले. लॉगबुकमधील माझी नोंद चुकीची होती. सदर छत्तीस आकडे खरे आहेत.’ खाली माझं नाव, सहीला जागा.

मी विचारलं, आणि ११ मार्चचं प्रतिज्ञापत्र? त्यांनी दुसरा कागद काढला. कुलसचिवांचं पत्र, की या निवेदनावरून माझ्यावर कसलीही कारवाई होणार नाही, नोकरी कायम राहील. मी ते दोनदा वाचलं. जावक क्रमांक बरोबर, शिक्का बरोबर, सही खरी. मी ती सही ओळखतो. तुझ्या आदेशावरचीच ती.

म्हणजे मला भीती उरली नाही. हे मुद्दाम लिहितो. मार्चमध्ये भीती होती, एप्रिलमध्ये होती. काल नव्हती.

मी साहेबांना म्हटलं, तिसरी ओळ काढा. बाकीच्या तीन ओळींवर आत्ता सही करतो. ते म्हणाले, ती ओळ काढली तर बुक खरं राहतं, आणि बुक खरं तर आकडे खोटे. तीच तर मुख्य ओळ आहे. मग त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हणाले, “एक लाइन छे, वाल्मिकभाई. एक लाइन माटे दीकरीने डुबाडशो?” एका ओळीपायी मुलगी बुडवायची का, असा त्यांचा सवाल.

आई दारात उभी होती. ती साहेबांसमोर कधी बोलत नाही. काल बोलली. “तुमले ते बुक पोरपेक्षा मोठं शे का?”

मी तिला सांगितलं, चहा टाक.

तुला समजावं म्हणून लिहितो, पटावं म्हणून नाही. या विद्यापीठात हजेरी खोटी आहे. खरेदी खोटी आहे. ब्रेक तर सगळ्यांत मोठं खोटं आहे, माणूस तिथेच असतो आणि कागदावर नसतो. तासिकेवर शिकवणारी पोरं दहा वर्षं ‘तात्पुरते’ आहेत. तेवीस-चोवीस वर्षं त्यांनी मला अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत कापलं, आणि त्या सगळ्यात एक वस्तू त्यांच्या हाती लागली नाही. माझी अकरा बुकं. देसाई साहेबांना डॉक्टर म्हणतात, कुलगुरूंना डॉक्टर म्हणतात. पण कोणाच्या लिहिलेल्यावर पैज लावायची झाली तर हेच लोक म्हणतात, वाल्मिकचं बुक आणा. काल तेच लोक माझ्या घरात बसून म्हणत होते, लिही की तूही आमच्यासारखाच.

ती नोंद चुकीची होती, हे मला माहीत आहे. तुला माहीत आहे. तेवढं पुरे. विद्यापीठाला कशाला माहीत हवं?

तू तरुण आहेस, हुशार आहेस, तुला हात आहेत. ते कोणी दिले ते मी लिहीत नाही. पदवी नसलेला माणूस काय करू शकतो याची यादी तुला पहिल्याच पत्रात दिली.

मी पेनचं टोपण लावून साहेबांना परत दिलं. ते तुझ्या टेबलावर टेकून उठले, टेबल जरासुद्धा हललं नाही. साहेबांना पोचवायला आईच गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, ती दोन तासांनी आली. आल्यावर तिने ताट एकाचंच वाढलं.

आता एक शेवटचं. पहिल्या दोन पत्रांखाली माझी सही आहे, नंतरच्या दोन्हींखाली नाही, या पत्राखालीही नाही. बिनसहीचा कागद विद्यापीठात चालत नाही, तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. आणि अक्षरावरून म्हणशील, तर त्याचं उत्तर मी समितीला आधीच दिलेलं आहे. ते लिहून घेतलेलं आहे.

नीट नोंद राहावी म्हणून काल नाकारलेला देकार उतरवून ठेवतो. चार ओळींखाली माझी एक सही. बदल्यात तुझी नोंदणी पूर्ववत, महिनाभरात तोंडी परीक्षा, डिसेंबरच्या पदवीदानात तुझं नाव. आणि माझं मशीन विद्यापीठ रीतसर विकत घेणार, वर पितळी पाटी, ‘निर्माता : वाल्मिक चिंधा महाजन’, किंमत रुपये चार लाख पंचाहत्तर हजार.